आठ अग्निबाण

फ्रेंच लेफ्टनंट तेसिएचं विमान उतरलं तेव्हा आठही अग्निबाण पंखांच्या दांड्यांवर जसेच्या तसे होते.

"फुगा फोडायला गेला होतास की नुसती ओळख करून घ्यायला?" शेजारच्या विमानाचा वैमानिक दुलाक ओरडला. सगळे हसले.

कॅप्टन हसला नाही. जर्मनांचा टेहळणीचा फुगा समोरच्या आकाशात अजून लोंबकळत होता. त्याच्या टोपलीत बसलेला माणूस दुर्बिणीतून बघून त्यांच्या तोफांना नेम सांगायचा.

"काय झालं?" कॅप्टनने विचारलं.

तेसिए फुग्याच्या शंभर पावलांवर पोचला होता. टोपलीतला माणूस स्पष्ट दिसत होता. खालून गोळ्या येत होत्या. बोट बटणावर होतं, पण भीतीनं हात लाकडासारखा झाला. बटण न दाबताच त्यानं विमान वळवलं होतं.

"बटण दाबलं, कॅप्टन. बाण पेटलेच नाहीत. तारेत बिघाड असणार."

तारा जोडायचं काम मेकॅनिक वेंडलिंगचं. तो मागेच उभा होता. आता हा उसळणार, 'तारा तपासून बघा' म्हणणार, म्हणून तेसिएनं मान खाली घातली.

"माझीच चूक, साहेब," वेंडलिंग म्हणाला.

हा आपल्याला वाचवतोय, असं तेसिएला वाटलं. तरी तो गप्प राहिला.

दुपारी त्याच फुग्याच्या इशाऱ्यावर तोफा धडाडल्या. सूप घ्यायला रांगेत उभे असलेले एकोणीस शिपाई गेले. दुसऱ्या दिवशी वेंडलिंगची पायदळात रवानगी झाली, थेट व्हर्दनच्या खंदकात. निघताना त्यानं तेसिएला सलाम केला, पण नजर वर उचलली नाही.

पुढे तेसिएनं दोन फुगे जाळले. छातीवर पदक आलं. दुलाक त्याच्या नावानं प्याला उंचावायचा, तेव्हा तेसिए काहीतरी निमित्त काढून तंबूबाहेर जायचा. सूपचा वास त्याला सहन होईना.

हिवाळ्यात कळलं, वेंडलिंग इस्पितळात आहे; विषारी वायूनं डोळे गेलेत. तेसिएनं रजा काढली. इस्पितळाच्या दारातच पदक काढून खिशात टाकलं. सगळं कबूल करायचं, मग कॅप्टनपुढे जायचं, हे त्यानं पक्कं ठरवलं होतं.

"वेंडलिंग, मी तेसिए. तुला एक सांगायचंय."

पट्टी बांधलेला चेहरा आवाजाकडे वळला. चाचपडत आलेल्या हातानं त्याची बाही धरली.

"आधी मला बोलू द्या, साहेब. नंतर धीर होणार नाही. त्या दिवशी तारा मीच कापल्या होत्या. आमचं गाव जर्मनांच्या ताब्यात. मी पळून इकडे आलो, धाकट्या भावाला त्यांनी पकडून भरती केलं. त्या टोपलीत तो बसायचा. तुम्ही गोळ्या अंगावर घेत बटण दाबत राहिलात, आणि मी... ते एकोणीस जण झोपू देत नाहीत, साहेब. मला माफ कराल?"

तेसिएनं वेंडलिंगच्या हातावर हात ठेवला.

"केलं," तो म्हणाला. "केलं तुला माफ."