शेरीफच्या घरातला कोंबडा

"झग्याची घडी घाला आणि टेबलावर ठेवा, सिस्टर," पास्टर पेटवे म्हणाले.

व्हर्डेलने गायनवृंदाचा जांभळा झगा अंगातून काढला, पण टेबलावर ठेवला नाही. मांडीवर घेऊन बसली. वॉट्स वस्तीतल्या या चर्चचा गायनवृंद तिनेच उभा केला होता. नवरा गेला तेव्हा ती तगली तीही या गाण्यामुळेच. आता ते सुटणार होतं, कारण तिच्या मुलाने, लमाँटने, रॅपची रेकॉर्ड काढली होती आणि ती इतकी चावट की ऐकवत नव्हती म्हणे. पोराला घराबाहेर काढा, नाहीतर गाणं सोडा, असं पुढच्या बाकावरच्या डीकन मंडळींचं, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांचं, म्हणणं होतं. सगळे सत्तरीचे, सगळे धुतल्या तांदळासारखे.

"हा चावटपणा शिकलास कुठे?" पास्टरांनी लमाँटला विचारलं.

"घरीच, पास्टर. मोठी माणसं पत्ते खेळायला जमली की आम्हा पोरांना झोपायला पिटाळायची. मग खाकी कागदातून स्कीटर बेट्स या चावट गोष्टी सांगणाऱ्या म्हाताऱ्याची रेकॉर्ड निघायची. हसून हसून खुर्च्या मोडायच्या. मी दाराआडून ऐकायचो. माझ्या गाण्यात मध्येच बोलतो तो त्या म्हाताऱ्याचाच आवाज आहे. शेरीफच्या घरात शिरलेल्या कोंबड्याची गोष्ट. मी फक्त खाली ठेका लावला."

पत्ते खेळायला कोण यायचं, हे कुणीच विचारलं नाही. डीकन क्लीटसना मात्र एकदम खोकला आला. व्हर्डेलला नावं तोंडपाठ होती. तिला फार राग आला होता, पण चहाडी करून झगा राखायचा नव्हता.

"असली घाण आपल्यापैकी एकाच्याही उंबऱ्याच्या आत कधी आलेली नाही!" पास्टर गरजले. "आज एकदाच ऐका. मग हात वर करून मत द्या."

रविवारच्या बालवर्गाचा रेकॉर्ड प्लेअर आणला होता. त्यावर येशूची गाणी वाजायची. आज ठेका धडधडला, रेकॉर्डवरचा लमाँट चार ओळी भरभर बोलला आणि मागून एक घोगरा आवाज आला:

"शेरीफ शिरला घरात, बंदूक त्याच्या हातात, कोंबडा लपला बाईच्या—"

पुढचा शब्द देवाच्या घरात नको म्हणून पास्टरांनी झटकन सुई उचलली.

इथेच घोळ झाला. उपदेश करताना पास्टर वाक्य अर्धवट सोडत आणि सभा ते पुरं करी, ही या चर्चची वर्षानुवर्षांची रीत. सवय ती सवय.

"परकरात!" पुढचा अख्खा बाक एका सुरात ओरडला. क्लीटसनी वर "आमेन"ही जोडलं.

बायकांच्या हातातले पंखे थांबले. कुणी बायबलचं वचन चुकीचं म्हटलं की जागच्या जागी सुधारायचं, ही पास्टरांचीही जुनीच सवय. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"परकर स्कीटरच्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला, क्लीटस," ते वैतागून म्हणाले. "या बाजूला कोंबडा अजून कपाटातच असतो."

व्हर्डेलने झगा झटकला आणि अंगात चढवला.