बुटकीचे डोळे

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही टोमॅटोच्या झाडाहून बुटके आहात. सात वर्षांची तारका तशीच होती. काकू तिला "बुटके" अशीच हाक मारी.

एकदा टोमॅटोच्या मळ्यात काकू उभ्यानेच म्हणाली, "पीक कसं हिरवंगार आहे बघ!"

"काकू, खाली बघ ना. बुडातल्या पानांवर तपकिरी ठिपके आहेत."

काकूने वाकून पाहिलं. करपा रोग खालून वर चढत होता. सारं पीक गेलं असतं. तिने रोगट पानं तोडली, तारकाला बांधावर पिटाळलं आणि बुरशीनाशक पानांच्या खालच्या बाजूनेही फवारलं.

दहा दिवसांनी नवी पानं स्वच्छ निघाली. "बुटके, वाचवलंस गं! आता उंच होऊ नकोस."

तारकाने पदर ओढून काकूलाही खाली बसवलं. "आता तूही बुटकी!" दोघी उकिडव्या सरकत पुढची सरी पाहू लागल्या.