फ्रीमेसनांचं पाठांतर

फ्रीमेसन ही काय संघटना आहे, हे कॉलेजच्या मुलांना सांगायला मनमोहनराव गिरगावातल्या हॉलमध्ये उभे राहिले, तेव्हा त्यांची बायको नलू मागच्या टेबलावर त्याच मुलांसाठी सँडविचला चटणी लावत होती. आमच्यात जात नाही, धर्म नाही, सगळे एका पायरीवर, असं तासभर तोंड वाजवून झालं, तशी ऋग्वेदा नावाची मुलगी उठली. "सर, मग आम्हा मुलींना घेता?"

"छे! आमचे विधी गुप्त असतात," मनमोहनराव मिशीत हसले. "आणि बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही."

मुलगे खिदळले. नलूने पुढच्या पावावर चटणी जरा जोरातच थापली.

हशा मिळाल्यावर मनमोहनरावांना चेवच आला. "पुरुषाचं डोकं म्हणजे तिजोरी! त्या विधींची पानंच्या पानं आम्ही वहीकडे न बघता म्हणतो. थोडंसं ऐकवतोच." डोळे मिटून, छाती काढून त्यांनी सुरुवात केली आणि तिसऱ्याच वाक्याला अडकले. खाकरले, पाणी प्यायले, पुन्हा पहिल्यापासून म्हणत आले आणि पुन्हा तिथेच अडकले. मग सवयीने त्यांची नजर नलूकडे गेली. लग्न झाल्यापासून ते रोज सकाळी स्वयंपाकघरात हेच घोकायचे, आणि नारळ खवता खवता ती चुका सुधारायची.

"अगं नलू," ते माईकवरच पुटपुटले, "पुढे काय?"

 

"अहो, चारचौघांत कसं सांगू?" नलू म्हणाली. "गुपित आहे ना ते!"