काजळाची शाई

"चारच पांढऱ्या पेशी." डॉक्टर अनुपनी रिपोर्टचा कागद बेबीताईंकडे परत सरकवला. "मणक्यातलं पाणी स्वच्छ आहे. नॉर्मल लिहा. दोन वाजता आयशाबींना सुट्टी देतो."

बेबीताईंनी पेन उचललं नाही. अकोल्याच्या त्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत त्यांची एकतीस वर्षं गेली होती, पण न पटलेलं लिहायची सवय हाताला काही लागली नव्हती. आयशाबीला त्यांनी सकाळीच वॉर्डात पाहिलं होतं. डोकं भिंतीला टेकवलेलं, उजेड सोसवत नाही म्हणून ओढणी डोळ्यांवर. सांधेदुखीपायी दोन वर्षं प्रतिकारशक्ती मारणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या खात होती बिचारी.

"डोकं एवढं दुखते, अन् पेशी चारच? मले तर त्याचंच भेव वाटून राहिलं," त्या म्हणाल्या. "एक बुरशी असते, सर. अंगावर जाड वेष्टण घेऊन बसते. आपल्या पांढऱ्या पेशी तिले ओळखतच नाहीत, मंग धावून कोन येईन? शाई टाकून पाहू द्या. काळ्यात ते वेष्टण उठून दिसते."

"शाई आहे?"

नव्हती. बाटली जानेवारीतच वाळली होती आणि मागणीचा कागद तीन टेबलांवर मुक्काम करत फिरत होता. "मग झालं तर," म्हणून डॉक्टर निघून गेले.

तेवढ्यात आयशाबीचा नवरा दारात आला. बद्रुद्दीन, अकोटचा. "रिपोर्ट झाला का, ताई?"

बेबीताईंचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. "भाऊ, बोटं काहून काळे?"

त्यानं ओशाळून हात मागे घेतला. "कातिब हाय मी. लग्नपत्रिकेवरचे उर्दू अक्षरं हातानं लिहितो. दुकानातली शाई मले जमत नाही. दिव्याचं काजळ अन् डिंक घोटून घरीच बनवतो."

"जवळ हाय का?"

त्यानं पिशवीतून दौत काढून टेबलावर ठेवली.

बेबीताईंनी आधी नुसती शाईच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बारीक, एकसारखी, मधे कचऱ्याचा कण नाही. सरकारी बाटलीतली कधी इतकी चांगली आली नव्हती. मग दुसऱ्या काचेवर आयशाबीच्या मणक्यातल्या पाण्याचा थेंब घेतला आणि त्यात शाई मिसळली.

काळ्याभोर शाईत पांढरे गोल दिसले. प्रत्येकाच्या मधे एक वाटोळा दाणा, भोवती रुंद कोरं कडं. एकाला कोंब फुटलेला. आसपास पांढरी पेशी एकही नाही. बेबीताईंना संताप आला. हिला घरी पाठवत होते.

"मी पाहू?" बद्रुद्दीननं डोळा लावला. "माझी शाई तिथं शिरतच नाही."

"कोनीच शिरत नाही, भाऊ. शरीराले वाटते सगळं ठीक हाय. पन औषध हाय याचं. आजच सुरू झालं पाहिजे. घरी नेलं, तर हातची जाईन ते."

सुट्टीचं कार्ड घेऊन डॉक्टर परत आले. बेबीताईंनी स्टूल पुढे केलं. ते बसले, वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"दिसतंय," शेवटी ते हळूच म्हणाले. "पण ताई, घरगुती शाईवर रिपोर्ट? उद्या कोणी विचारलं तर? प्रयोगशाळेचे मोठे सर रजेवर. सही कोण करणार?"

"मी."

"रिटायर व्हायला आठच महिने राहिलेत तुमचे."

"मंग जे करायचं ते आठ महिन्यांत उरका म्हना त्याइले."

बद्रुद्दीननं आपला बोरू दौतीत बुडवून त्यांच्यापुढे धरला. "याच्यानं करा, ताई. बॉलपेनची शाई उडते. हे उडत नाही."

बेबीताईंनी जे पाहिलं ते रिपोर्टवर लिहिलं. एरवी त्या दोन अक्षरांत सही उरकायच्या. आज पूर्ण नाव लिहिलं, हुद्द्यासकट, आणि कागद डॉक्टरांच्या हातात दिला.

"ओला हाय," त्या म्हणाल्या. "पन वाळायची वाट पाहू नका."