बाकावरचं मागणं

“सर, मला एकदा तरी उतरवणार हाय का न्हाय?”

दानेश्वरीनं विचारून टाकलं. मागं खो-खोची अख्खी टीम तोंडावर हात दाबून उभी. विचारून दाखव, दोन कटवडे माझ्याकडून, अशी पैज कॅप्टन स्वप्नालीनं लावली होती.

पिराजी सरांनी तोंडातली शिट्टी काढली. “दाने, हरलो असतो तर बदल केला असता. जिंकती टीम मी मोडत न्हाय. आणि तुझं काम बाकावर चाललंय की!”

ते काम असं. पहिल्या मॅचला राखीव म्हणून बसलेल्या दानीनं गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी डाव्या तळहातावर घेतली, डोळे मिटले, ते शेवटच्या शिट्टीपर्यंत उघडलेच नाहीत. टीम जिंकली. दुसऱ्या मॅचला तसंच. तिसऱ्यापासून सर तिला बाकावरची जागासुद्धा बदलू देईनात. स्वप्नाली तर मॅचआधी तिच्या कपाळावरची विभूती बोटानं पुसून स्वतःला लावायची. सहा मॅच झाल्या, सहाही जिंकल्या.

डोळे मिटले की दानीला वेगळंच मैदान दिसायचं. पापण्यांआड नारिंगी उजेड, त्यात तरंगणारी धूळ आणि धुळीतून आवाज न करता पळणारी एक मुलगी. तिचे पाय जमिनीला लागतच नसत. खांबाला वळसा घालताना वेणी गोल फिरायची. ती कुणाच्याच हाताला सापडायची नाही. मग पाण्याखालून यावा तसा टाळ्यांचा आवाज यायचा. दानी डोळे उघडायची तेव्हा गाल ओले असायचे.

“बघा, किती मनापासून मागती पोरगी,” सर सगळ्यांना सांगायचे.

काय मागतेस, असं विचारलं की ती मान हलवायची. “सांगायचं नसतं.” जिंकल्याचा पेढा मात्र ती कधी खायची नाही. उपास असेल, असं मुलींनी आपलं ठरवून टाकलं होतं.

आज ती हटली नाही. “सर, या खांबापासून त्या खांबापर्यंत माझ्यापेक्षा जोरात कोण पळतंय? सांगा की.”

सरांनी शिट्टी खिशात टाकली. तसं कुणीच नव्हतं.

“बरं,” सर शेवटी म्हणाले. “उद्या फायनल. उतरायचं का बसायचं, तूच ठरव आणि सकाळी सांग. पण शाळेला बावीस वर्षं कप न्हाय, एवढं ध्यानात ठेव.”

घरी जाताना स्वप्नालीनंच सायकल आडवी घातली. “दाने, पाया पडते, उद्या बस. माझं दहावीचं वर्ष हाय, परत कप न्हाय मिळायचा. तू खेळलीस तर मागणार कोण?”

“तुम्ही मागा की.”

“आमचं ऐकतोय व्हय तो? तुझं ऐकतोय.”

दानी सायकल ढकलत चालतच निघाली. राजारामपुरीत दिवे लागत होते. एसटीडी बूथची पिवळी पाटी, मिठाईची काचेची कपाटं, सगळं धुळीतून बघितल्यासारखं मऊ दिसत होतं. नारिंगी उजेडातली ती मुलगी पुढं पुढं पळत होती.

घरी तिची आई, अव्वा, पूजेला बसली होती. दानी शेजारी बसली. लिंग गळ्यात घातलं त्या दिवशी अव्वानं एकच सांगितलं होतं, की ते हातात असताना मनात असेल तेच बोलायचं, बरं दिसावं म्हणून खोटं बोलायचं नाही. दानीनं ते कधी मोडलं नव्हतं.

आप्पा दुकान बंद करून आले ते हसतच. “तुझे सर भेटलेले. म्हणाले, तुमच्या लेकीच्या भक्तीवर आमची टीम उभी हाय!”

दानीनं डबीचं झाकण लावलं. आज गाल कोरडे होते.

“आप्पा, माझं ठरलंय. उद्या मी खेळणार.”

“आणि टीमसाठी मागणार कोण गं?” अव्वानं विचारलं.

“मागायचं काय त्यात? सहाच्या सहा मॅच मी हेच मागत बसले, अव्वा, की आमची टीम हरू दे.”