बिनधुराची गाडी

पाहुण्यांनी गाडीखाली डोकं घातलं ते बराच वेळ बाहेर काढलंच नाही. शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या गाड्यांचे मालक ते; आयुष्यभर ड्रायव्हरांच्या थापा ऐकलेले. गाडी हवेवर चालते असं कुणी सांगितलं म्हणून लगेच माना डोलवणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी सीट उचलून पाहिली, डिकी उघडून पाहिली, पायाखालचं पायपुसणंसुद्धा उलटं केलं.

"पेट्रोलची टाकी कुठं लपवलीत, तेवढं सांगून टाका," ते गुडघे झटकत म्हणाले.

"लपवायला टाकीच नाही हो," गाडी बनवणारा हसला. "मागे ही नळकांडी आहेत ना, त्यांत दाबून भरलेली हवा. ती सुटते आणि इंजिन फिरतं. ना पेट्रोल, ना धूर."

हे वाक्य त्याच्या बायकोला आता पाठ झालं होतं. ती दारात उभी होती, पण अर्धं लक्ष परसात होतं. मागच्या दोरीवर प्रसूतिगृहाच्या चादरी वाळत होत्या. धुलाईचं हे काम तिचं स्वतःचं, तिने मिळवलेलं, आणि आता ते हातचं जायच्या बेतात होतं. हल्ली वाळलेल्या चादरींवर काळे ठिपके निघत. काल तर तिथल्या मोठ्या सिस्टरनी गठ्ठाच परत केला. "बाळांच्या अंगाखाली घालायच्या असतात या. पुन्हा असं दिसलं तर काम दुसरीकडे देईन. मग माझ्यावर रागावू नका."

तिचा संशय शेजारच्या इस्त्रीवाल्यावर होता. त्याची इस्त्री कोळशाची. सकाळीच तिने कुंपणावरून त्याचा यथेच्छ उद्धार केला होता. तो बिचारा "वहिनी, शपथ घेतो" एवढंच म्हणत राहिला. त्यामुळे तर तिचा संशय आणखी पक्का झाला.

गाडी निघाली. नाक्यापर्यंत ऐटीत गेली आणि परत वळताना ढेपाळली. हवा संपली होती. नवऱ्याने आणि पाहुण्यांनी मिळून ती ढकलत दारापाशी आणली. पाहुण्यांचा सदरा घामाने भिजला होता, चेहरा मात्र खुलला होता. खोट सापडली की त्यांना बरं वाटत असावं.

"पुन्हा भरतो. तुमचा चहा होईपर्यंत," नवरा म्हणाला आणि घराला वळसा घालून मागे पळाला.

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर होता. घरची वीज त्याला पुरेना, म्हणून त्याला डिझेलचं इंजिन जोडलेलं. ते धडधडायला लागलं तशी ती दचकली. एरवी हा आवाज तिच्या कानावर पडतच नसे. ती चादरी वाळत घालून, आदल्या दिवशीचा गठ्ठा पोचवायला बाहेर पडली की मगच तो मशीन लावायचा. तिचं डोकं दुखायला नको म्हणून. नवऱ्याची ही गोष्ट तिला फार आवडायची.

ती चहा टाकायला आत गेली. ओट्याजवळच्या खिडकीतून दोरी दिसत होती. शेडच्या पत्र्यातून बाहेर काढलेल्या नळीने भक्कन काळा धूर ओकला. वाऱ्याने तो आडवा झाला आणि ओल्या चादरींमधून आरपार गेला. मागोमाग दुसरा लोट आला, तोही तसाच गेला. चहा उतू गेला तरी ती बघतच राहिली.

तिला इस्त्रीवाल्याचा चेहरा आठवला आणि शरम वाटली. मग राग आला. तो काढायचा तरी कुणावर? नवरा तर तिच्याच डोक्याची काळजी घेत होता.

मशीन थांबलं. गाडी पुन्हा सुरू झाली. पाहुणे गाडीमागे उकिडवे बसले, नळीपुढे हात धरला आणि पटकन मागे घेतला.

"गार आहे की हो!"

"सुटणारी हवा गारच पडते," नवरा म्हणाला. "आता तरी पटलं?"

"थांबा. गाडी घेताना माझी एक रीत आहे. नळीवर पांढरं कापड धरायचं. विकणारा काहीही सांगो, कापडावर काय उमटतं ते मी बघतो. वहिनी, एखादं स्वच्छ कापड द्या."

"अगं, कपाटातली कोरी चादर आण," नवरा उत्साहाने म्हणाला. त्याची कित्येक वर्षं या गाडीत गेली होती. मित्र हसले, भाऊ बोलायचा बंद झाला, हा मात्र हटला नव्हता.

कपाट उघडून ती क्षणभर उभी राहिली. ही चादर नेली तर गाडी आज नक्की खपणार. मग आणखी गाड्या येतील, आणि शेडमधलं मशीन दिवसभर चालेल. तिने कपाट लावून घेतलं आणि परसात जाऊन दोरीवरची एक चादर ओढली.

पाहुण्यांनी चादरीचं टोक नळीवर धरलं. मग उजेडात नेऊन चादर उलगडली. टोकापासून टोकापर्यंत काळे ठिपके होते.

"हे कुठले?" त्यांनी डोळे बारीक केले.

नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. "गाडीचे नाहीत हो! खरंच सांगतो!"

"गाडीचे नाहीत," ती म्हणाली.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. जिवात जीव आला त्याच्या.

"मग दुसरं स्वच्छ कापड नाही का घरात?" पाहुण्यांनी विचारलं.

"मागच्या दोरीवर पुष्कळ आहेत. चला," ती म्हणाली. "त्यातलं स्वच्छ तेवढं तुम्हीच शोधून घ्या."