रविवारी विमानांना सुट्टी

"पावणं, तुमाला खरं वाटणार न्हाई, पण आमच्या कळंबावरनं विमान इतकं खालून जातं, की कोंबड्या भेदरून बिनकवचाची अंडी घालत्यात. आवाजाविरुद्ध साऱ्या गावानं सह्या केल्यात, ग्रामपंचायतीत अर्ज बघा जाऊन! आज रविवार, म्हणून विमानांना सुट्टी.

माझी पयली बायकू चिमाबाई विहिरीत पडली, तवा मी दहा पावलांवर कांदा काढीत व्हतो. तिनं हाळ्या मारल्या असतील, पण डोक्यावर विमान घरघरत व्हतं. कायबी ऐकू आलं न्हाई."

आपली मुलगी रत्ना मला द्यायला नगरकडून आलेल्या त्या बापाचे डोळे भरून आले. लग्न पक्कं करायची सुपारी त्यानं फोडायला घेतली, तेवढ्यात चिमाबाईचा भाऊ गोरख दारातूनच बोलला.


"अर्ज खरा हाय, पावणं. विमानतळ होऊच नये म्हणून दिलाय. अजून एकबी विमान उडालं न्हाई. आक्काची हाळी मी वढ्यापलीकडं ऐकली. पळत आलो, तवा दाजी विहिरीच्या काठावर बिडी वढत बसले व्हते."